न्यूयॉर्कमधलं एचडीएफसी को-ऑप: उत्पन्नाची अट, दुरुस्तीला आलेलं घर आणि किल्ली हातात येईपर्यंतचा रस्ता

न्यूयॉर्कमध्ये घर शोधताना कधीतरी एक जाहिरात समोर येते. हार्लेम, दोन बेडरूम, आणि किंमत शेजारच्या इमारतीतल्या तशाच घराच्या निम्मी. खाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: 'एचडीएफसी, उत्पन्नाची अट लागू' आणि 'दुरुस्ती आवश्यक'. बहुतेक लोक तिथेच थांबतात. आम्ही थांबलो नाही. मी इथल्या सार्वजनिक शाळेत शिकवते, नवरा ग्रंथालयात काम करतो, आणि आमच्या पगारात मॅनहॅटनमध्ये स्वतःचं घर व्हायचं तर ते याच वाटेने होणार होतं. शोध सुरू केल्यापासून नव्या ओट्यावर पहिला चहा होईपर्यंत पावणेदोन वर्षं गेली. त्यातलं निदान अर्धं वर्ष चुकीच्या क्रमाने कामं केल्यामुळे गेलं, म्हणून हा लेख क्रमाने लिहिते आहे.

एचडीएफसी म्हटलं की आपल्याला बँक आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. इथे त्याचा अर्थ हाउसिंग डेव्हलपमेंट फंड कॉर्पोरेशन. १९७० च्या दशकात हे शहर कर्जबाजारी झालं होतं. हार्लेम, लोअर ईस्ट साइड, साउथ ब्राँक्स, ब्रुकलिनचे कित्येक भाग इथल्या घरमालकांनी कर भरणं सोडून इमारती वाऱ्यावर सोडल्या. थकलेल्या करापोटी शहराने त्या ताब्यात घेतल्या, पण आत माणसं राहत होती. बॉयलर बंद, छत गळतंय, अशा अवस्थेत भाडेकरूंनीच वर्गणी काढून इमारती चालवल्या. १९७८ मध्ये शहराने 'टेनंट इंटरिम लीज' ही योजना आणली. भाडेकरूंनी संघटना करायची, हिशोब ठेवायला शिकायचं, कारभार जमला की प्रत्येकाने २५० डॉलर भरून आपलं घर घ्यायचं. अट एवढीच की पुढे ते विकलं जाईल तेव्हा कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबालाच जावं. या कंपन्यांना आधार देणारा राज्याचा कायदा १९६६ चा, प्रायव्हेट हाउसिंग फायनान्स लॉ, प्रकरण ११.

हा इतिहास व्यवहारात रोज उपयोगी पडतो. इमारतीच्या बोर्डावर, म्हणजे शेअरधारकांच्या कमिटीवर, आजही त्या काळातली माणसं असतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्यापैकीच. किंमत कमी का आहे आणि अटी एवढ्या का आहेत, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या आजींच्या २५० डॉलरमध्ये आहे.

मुंबईच्या हाउसिंग सोसायटीत वाढलेल्यांना को-ऑप लवकर समजतं, कारण शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स, कमिटी हे शब्द ओळखीचे असतात. फरक हा की इथे घराचं खरेदीखत होतच नाही. इमारत कंपनीच्या मालकीची असते, तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्यासोबत प्रोप्रायटरी लीज नावाचा भाडेपट्टा मिळतो. भिंत फोडायची, पोटभाडेकरू ठेवायचा, घर विकायचं, सगळं त्या भाडेपट्ट्यात लिहिलेल्या नियमांनी चालतं.

पहिलं काम: तुमचं उत्पन्न या इमारतीच्या मोजपट्टीत बसतं का

घर बघायला जाण्याआधी हे करा. आम्ही उलट केलं. एका घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडावर जीव जडला, आणि मग कळलं की त्या इमारतीची मर्यादा आमच्या उत्पन्नाच्या खाली आहे.

'एचडीएफसीची उत्पन्नमर्यादा' अशी एकच संख्या अस्तित्वात नाही. प्रत्येक इमारतीची वेगळी असते. ती कंपनीच्या स्थापनेच्या दस्तात, नियमावलीत, शहराने इमारत दिली तेव्हाच्या खतात किंवा नंतर शहराशी झालेल्या रेग्युलेटरी करारात असते. साधारण दोन प्रकार भेटतात.

पहिला प्रकार भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या टक्केवारीचा. ते मध्यम उत्पन्न केंद्र सरकार दरवर्षी जाहीर करतं. बऱ्याच इमारतींत १२० टक्के किंवा १६५ टक्के अशी मर्यादा दिसते. २०२४ च्या आकड्यांनुसार १२० टक्के म्हणजे एकट्या माणसाला १,३०,४४० डॉलर, दोघांना १,४९,१६०, तिघांना १,६७,७६०. १६५ टक्के असेल तर एकट्याला १,७९,३५५. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचा तक्ता घ्या.

दुसरा प्रकार जुन्या कायद्यातला आणि बराच कडक. वर्षाचा मेंटेनन्स आणि वीज, गॅस, पाणी असा राहण्याचा खर्च धरायचा आणि त्याच्या ६ पट ही उत्पन्नाची मर्यादा. तीन किंवा जास्त अवलंबित असतील तर ७ पट. समजा मेंटेनन्स महिना ७०० डॉलर आणि बाकी खर्च १००. वर्षाचे ९,६०० झाले, त्याचे ६ पट ५७,६००. दोन पगारांच्या घराला हे ओलांडणं सहज शक्य आहे. म्हणजे मेंटेनन्स जितका कमी तितकी मर्यादाही खाली. दलालाने '१२०' म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका. ज्या कागदात मर्यादा लिहिली आहे त्या पानाची प्रत मागा.

मग विचारा की उत्पन्न म्हणजे नेमकं कोणतं. काही इमारती कर विवरणपत्रातलं समायोजित उत्पन्न धरतात, काही एकूण पगार. ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात जाणारी रक्कम पहिल्या पद्धतीत वजा होते, दुसरीत होत नाही, आणि काठावरच्या कुटुंबाचं सगळं त्यावर ठरतं. घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांचं उत्पन्न मोजतात. आई-बाबा कायमचे सोबत राहणार असतील तर कुटुंबाचा आकार वाढतो, मर्यादाही वाढते, पण त्यांचं इथे येणारं निवृत्तिवेतनही हिशोबात येतं. बहुतेक ठिकाणी ही तपासणी खरेदीच्या वेळी एकदाच होते. पुढे पगार वाढला म्हणून घर जात नाही.

पुण्यातला फ्लॅट लपवू नका

काही इमारतींत उत्पन्नासोबत मालमत्तेचीही मर्यादा असते. इथे आपल्या लोकांची गडबड होते. पुण्यात किंवा नाशिकला वडिलांनी आपल्या नावावर घेतलेला फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावरचं नाव, बँकेतल्या ठेवी, हे सगळं 'तिकडचं' म्हणून सोडून द्यायची सवय असते. अर्जात मालमत्ता कुठे आहे असं विचारत नाहीत. आहे का, असं विचारतात. त्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर ते तसंही अमेरिकेच्या कर विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि बोर्ड ते विवरणपत्र पाहणारच आहे. काय मोजतात आणि काय सोडतात (निवृत्तीची खाती अनेकदा सोडतात), हे लेखी विचारून घ्या.

आई-वडील मदत म्हणून पैसे पाठवणार असतील तर लवकर हालचाल करा. रक्कम परत करायची नाही असं पत्र बँक आणि बोर्ड दोघेही मागतात. भारतातून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच पाठवता येतात. परदेशी व्यक्तीकडून वर्षात १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर अमेरिकेच्या आयकर खात्याला फॉर्म ३५२० द्यावा लागतो. त्यावर कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड मोठा आहे.

आधी इमारत बघा, मग घर

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. घरातलं सगळं बदलता येतं. इमारतीचं कर्ज, थकलेला कर आणि भांडणारं बोर्ड बदलता येत नाही.

घरबसल्या, फुकट, एका संध्याकाळी करण्यासारखी कामं आहेत. शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या संकेतस्थळावर पत्ता टाका. इमारतीविरुद्धच्या उल्लंघनांची यादी येते, ए, बी आणि सी अशा वर्गांत. सी म्हणजे तातडीचा धोका: उष्णता नसणं, शिशाचा रंग, गॅस. जुनी आणि बंद न झालेली दोन-चार उल्लंघनं जवळपास प्रत्येक म्हाताऱ्या इमारतीत असतात. गेल्या हिवाळ्यातल्या उष्णतेच्या तक्रारींचा ढीग दिसला तर मात्र बॉयलर शेवटच्या घटका मोजतो आहे असं समजा. बांधकाम खात्याच्या नोंदींत परवाने आणि दंड दिसतात. ॲक्रिस नावाच्या शहराच्या दस्तनोंदणीत पत्त्यावरून इमारतीवरचं गहाण आणि शहराशी झालेले करार सापडतात. ज्या कागदात उत्पन्नमर्यादा आहे तो बऱ्याचदा तिथेच मिळतो.

त्यानंतर विक्रेत्याकडून मागा: गेल्या दोन-तीन वर्षांचे आर्थिक ताळेबंद, चालू अंदाजपत्रक, नियमावली, भाडेपट्टा, बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं. इतिवृत्तं तुमच्या वकिलाला इमारतीच्या कार्यालयात बसून वाचावी लागतात, आणि ती वाचलीच पाहिजेत. गळकं छत, थकबाकीदार, न्यायालयातले दावे, सगळं तिथे असतं. आमच्या वकीलबाईंनी वाचून आल्यावर पहिला प्रश्न विचारला: 'तुमच्या डोक्यावरच्या घरात गेल्या वर्षी पाइप फुटला होता, विक्रेत्याने सांगितलं का?' सांगितलं नव्हतं.

ताळेबंदात मी तीन गोष्टी बघते. किती शेअरधारकांचा मेंटेनन्स थकला आहे. १५ टक्क्यांहून जास्त घरं ६० दिवसांपेक्षा मागे असतील तर बरेचसे कर्जदाते पाठ फिरवतात. गंगाजळी किती आहे, आणि दरवर्षी अंदाजपत्रकाच्या निदान १० टक्के तिच्यात जातात का. आणि शहराचा मालमत्ता कर आणि पाण्याचं बिल भरलेलं आहे का. या तिसऱ्या गोष्टीला मी सगळ्यांत जास्त घाबरते. थकबाकीत गेलेल्या काही एचडीएफसी इमारती शहराने 'थर्ड पार्टी ट्रान्सफर' योजनेखाली दुसऱ्या संस्थांना दिल्या, आणि तिथल्या शेअरधारकांची मालकी गेली, ते पुन्हा भाडेकरू झाले. हार्लेममध्ये आणि ब्रुकलिनमध्ये हे घडलं आहे.

करासंदर्भात आणखी एक तारीख लिहून ठेवा. टेनंट इंटरिम लीजमधून आलेल्या अनेक इमारतींचा मालमत्ता कर सवलतीच्या मर्यादेत आहे, म्हणून मेंटेनन्स एवढा कमी दिसतो. ती सवलत २०२९ पर्यंतची आहे. पुढे काय करायचं यावर बोर्डाने काही ठरवलं आहे का, हे मुलाखतीत आदराने पण स्पष्ट विचारा.

सहा मजल्यांपेक्षा उंच इमारत असेल तर दर्शनी भिंतीची तपासणी दर पाच वर्षांनी सक्तीची आहे, आणि गॅसवाहिन्यांची तपासणी, इमारत उंच असो वा नसो, दर चार वर्षांनी. पुढची तपासणी कधी आणि खर्च कुठून, हेही विचारा.

शेवटी फ्लिप टॅक्स. पुढे तुम्ही घर विकलंत तर नफ्याचा काही हिस्सा इमारतीला जातो. ३० टक्के बऱ्याच ठिकाणी दिसतात, काही ठिकाणी जास्त. मी याच्या बाजूने आहे, कारण जुन्या इमारतीचं छप्पर अशाच पैशातून होतं. मात्र दुरुस्तीवर घातलेला पैसा नफ्यातून वजा होतो की नाही हे आत्ताच बघा. होत असेल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती जपा.

पैसा: इथेच खरी अडचण आहे

या घरांचं गणित विचित्र आहे. उत्पन्न कमी हवं, पण हातात रोख मात्र भरपूर हवी. अनेक मोठ्या बँका एचडीएफसीला कर्ज देत नाहीत. त्यांना अटींची भीती वाटते, किंवा इमारतीचे हिशोब त्यांच्या चौकटीत बसत नाहीत. काही इमारती स्वतःच कर्ज घेऊ देत नाहीत. लोअर ईस्ट साइड पीपल्स फेडरल क्रेडिट युनियनसारख्या स्थानिक पतसंस्था आणि नॅशनल कोऑपरेटिव्ह बँक यांना हे क्षेत्र माहीत आहे, तिथून सुरुवात करा. या इमारतीत आधी कुणी कर्ज घेतलं आहे का आणि कुणाकडून, हे व्यवस्थापकाला विचारलं तर तीन आठवड्यांचे फोन वाचतात.

मोडकं घर असलं की अडचण दुप्पट होते. मूल्यांकन करायला आलेल्या माणसाने स्वयंपाकघरात ओटाच नाही किंवा मोरीत पाणी येत नाही असं लिहिलं तर कर्ज अडतं. खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसवणारं एफएचएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहकर्ज विमा संस्थेचं, २०३(के) कर्ज को-ऑपला लागू होत नाही. प्रत्यक्षात दुरुस्तीचा पैसा तुमच्या बचतीतूनच येतो, असं धरून चला.

पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी शहराची होमफर्स्ट योजना आहे. तिच्यात आगाऊ रकमेसाठी १,००,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात. उत्पन्न भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत हवं, घरखरेदीचं शिक्षण पूर्ण केलेलं हवं. पण खरेदीआधी घराची राहण्यायोग्यतेची तपासणी होते. गळकं, वायर लोंबणारं घर त्यात नापास होतं. म्हणून या मदतीवर विसंबून असाल तर 'रंग आणि फरशी' एवढीच दुरुस्ती असलेलं घर शोधा. 'सगळं उखडायचं' असलेलं सोडा.

आमचा हिशोब असा होता: आगाऊ रक्कम, वकील, बँकेची आणि इमारतीची फी, सहा महिन्यांचा मेंटेनन्स आणि हप्ता बाजूला, कंत्राटदाराच्या अंदाजाएवढी रक्कम, आणि त्यावर २० टक्के. ते २० टक्के संपूर्ण खर्च झाले. दिलासा एवढाच की को-ऑपच्या कर्जावर गहाणनोंदणीचा कर लागत नाही.

घर बघताना काय बघायचं

दुसऱ्यांदा बघायला जाताना प्लंबरला सोबत न्या. रंगाचे पोपडे आणि तुटक्या फरश्या बघून घाबरू नका; महागडी गोष्ट भिंतीच्या आत असते.

हार्लेम आणि लोअर ईस्ट साइडमधल्या बऱ्याच इमारती १९०१ च्या घरकायद्याच्या आगेमागे बांधलेल्या आहेत. काही जुन्या घरांत अजून न्हाणीचा टब स्वयंपाकघरात सापडतो, वर लाकडी झाकण टाकून त्यावरच भाजी चिरायची सोय केलेली. तो हलवायचा म्हणजे सांडपाण्याचा मार्ग बदलायचा, आणि ते प्रकरण रंगकामाचं नाही.

वीज बघा. जुन्या घरांना ३० किंवा ६० ॲम्पिअरचाच पुरवठा असतो. इंडक्शन शेगडी, दोन एसी आणि मिक्सर एकत्र चालवायचं स्वप्न असेल तर इमारतीच्या तळघरातून नवी केबल वर आणावी लागेल, आणि ती परवानगी बोर्डाची.

गॅसबद्दल विशेष सावध राहा. गॅसच्या पाइपाला हात लावला, गळती सापडली, तर फक्त तुमच्या घराचा नाही, अख्ख्या मजल्यांचा किंवा इमारतीचा गॅस बंद होऊ शकतो, आणि परत सुरू व्हायला महिने लागतात. नव्या शेजाऱ्यांशी ओळख व्हायची ती अशी होऊ नये. शेगडीची जागा आहे तिथेच ठेवा. हलवायचीच असेल तर इंडक्शनचा विचार करा.

फोडणीचा धूर बाहेर काढणारी वाट या इमारतींत सहसा नसते. भिंतीला भोक पाडायला परवानगी मिळत नाही, म्हणून हवा गाळून आतच सोडणारी चिमणी लावावी लागते. खिडकीजवळ शेगडी असलेलं स्वयंपाकघर मिळालं तर त्याची किंमत ओळखा. घरात कपडे धुण्याचं यंत्र ठेवायला बहुतेक जुन्या इमारतींत मनाई असते.

रेडिएटरजवळ वाका आणि बघा. एकच पाइप असलेल्या वाफेच्या रेडिएटरला झडपेकडे किंचित उतार हवा; नसेल तर आत पाणी साचतं आणि रात्रभर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. आमच्या बेडरूममधला आवाज व्यवस्थापकाने 'जुनी इमारत आहे' म्हणून सोडून दिला होता. इमारतीच्या देखभालीच्या माणसाने दूरच्या पायाखाली दोन लाकडी पाचरी सरकवल्या आणि तो थांबला.

इसार, वकील, मुलाखत

ऑफर मान्य झाली की करार आणि १० टक्के इसार. रक्कम विक्रेत्याच्या वकिलाच्या राखीव खात्यात राहते. वकील एचडीएफसीचे व्यवहार केलेलाच हवा. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: कर्ज न मिळाल्यास किंवा बोर्डाने नकार दिल्यास इसार परत, आणि घर 'आहे त्या स्थितीत' घेतलं तरी आतला सगळा जुना माल विक्रेत्याने रिकामा करून देणं. आम्ही दुसरी अट विसरलो. त्यामुळे तीन जुने सोफे आणि एक लोखंडी कपाट चार मजले खाली उतरवायचा खर्च आमच्या गळ्यात पडला.

बोर्डाच्या अर्जात कर विवरणपत्रं, पगारपत्रकं, बँकेचे तपशील, शिफारसपत्रं असतात. पानांना क्रमांक घाला, पुढे अनुक्रमणिका जोडा, आणि उत्पन्न मर्यादेत कसं बसतं ते एका पानावर आकड्यांसह मांडा. बोर्डावरची माणसं दिवसभराचं काम करून रात्री हे वाचतात. न्यूयॉर्कमध्ये बोर्ड कारण न सांगता नकार देऊ शकतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, स्थलांतरितपणा अशा कारणांनी भेदभाव मात्र बेकायदा आहे.

मुलाखतीत दुरुस्तीचा बेत उघड सांगा, पण 'सगळं तोडणार' अशा सुरात नको. ही इमारत ज्यांनी जगवली त्यांच्यासमोर आपण बसलेलो असतो. आम्हाला खालच्या आजींनी विचारलं, 'इथेच राहणार ना?' त्या एका प्रश्नात या घरांची सगळी अट आहे: स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही. वर्षातले बरेच महिने भारतात काढायचा विचार असेल तर तो आधीच सांगा, किंवा हे घर घेऊ नका.

दुरुस्ती: परवानगीपासून पहिल्या ठोक्यापर्यंत

व्यवहार पूर्ण होण्याआधीच इमारतीचा दुरुस्ती-करार मागून घ्या. त्यात कामाचे तास, अनामत, विम्याच्या अटी, शेजाऱ्यांना नोटीस असं सगळं असतं. त्यातल्या एका वाक्याने बेत बदलतो: ओल्या जागेखाली कोरडी जागा चालत नाही. म्हणजे तुमची न्हाणी खालच्यांच्या बेडरूमवर सरकवता येत नाही. नकाशा काढण्याआधी खालच्या घराची मांडणी बघा.

रंग, फरशी घासणं, जुनी कपाटं काढून तिथेच नवी बसवणं, याला शहराचा परवाना लागत नाही. भिंत पाडणं, नळ किंवा सांडपाण्याची जागा बदलणं, गॅस, नवं वायरिंग याला लागतो. भिंतींना हात लावण्याचा परवाना असेल तर वास्तुविशारद, आणि त्याआधी ॲस्बेस्टॉस नसल्याचा एसीपी-५ हा प्रमाणित तपासनिसाचा फॉर्म. इमारत जतन केलेल्या ऐतिहासिक भागात असेल तर खिडक्या बदलायलाही लँडमार्क्स आयोगाची संमती लागते.

शिशाच्या रंगाबद्दल गाफील राहू नका. या शहराने घरात तो रंग वापरायला १९६० मध्ये बंदी घातली, त्यामुळे त्याआधीच्या भिंतीत तो असणार असंच धरा. कोरडं घासणं बंद. प्लास्टिकचे पडदे, ओलं काम, आणि त्यासाठी प्रमाणित माणसं. घरात लहान मूल असेल तर काम संपून धुळीची चाचणी झाल्याशिवाय राहायला जाऊ नका. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तपासणीचा अहवाल येईपर्यंत आम्ही जुन्या भाड्याच्या घरात एक महिना जास्त काढला, आणि तो खर्च मला एकदाही खटकला नाही.

कंत्राटदाराकडे शहराच्या ग्राहक आणि कामगार संरक्षण खात्याचा घरदुरुस्तीचा परवाना हवा. क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्याच्या विम्याच्या दाखल्यावर को-ऑपचं नाव अचूक लागतं. आमच्या दाखल्यात इमारतीच्या नावातलं एक अक्षर चुकलं आणि माणसं दारात उभी असताना काम एक आठवडा लांबलं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक टप्पा कामाशी बांधा, शेवटचे १० टक्के सगळं पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा.

आता न्हाणीघर, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि मनस्ताप तिथेच. फरशी उखडल्यावर शौचकूपाखाली शिशाचा जुना वाकडा पाइप दिसला. दिसायला ठीक, बोटाने दाबला तर मऊ. प्लंबर म्हणाला, आत्ता बदला, नाहीतर खालच्यांच्या छतातून कळेल. भाडेपट्ट्यात साधारण असं असतं की उभा मुख्य पाइप इमारतीचा आणि तिथून तुमच्या नळापर्यंत येणारी फांदी तुमची. म्हणून भिंत उघडी असताना व्यवस्थापकाला बोलावून उभा पाइप दाखवा. तो गंजलेला असेल तर इमारतीने आपल्या खर्चाने तेवढा तुकडा बदलायला हीच वेळ स्वस्त असते. आमच्या बोर्डाने ते मान्य केलं, कारण आम्ही फोटो आणि प्लंबरचा दर एकाच दिवशी पाठवला होता.

नवी फरशी बसवण्याआधी जलरोधक थर द्या, मोरीचं तोंड बंद करा, दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा. खालच्यांना आधी सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या छताकडे स्वतः जाऊन बघा. आम्ही गेलो तेव्हा आजींनी स्टुलावर चढून छताला हात लावला, कोरडा हात आम्हाला दाखवला आणि कॉफीला बसवलं. त्या सकाळी त्यांनी १९८० च्या दशकातल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. बॉयलर बंद पडला तेव्हा सगळे एकाच घरात, एका शेगडीभोवती झोपत होते.

भिंती बंद करण्याआधी प्रत्येक उघड्या भिंतीचे मोजपट्टी धरून फोटो काढा: पाइप कुठून जातो, वायर कुठून, पाणी बंद करायची झडप कुठे. काम संपलं की परवाने बंद झाल्याची नोंद बांधकाम खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. उघडा राहिलेला परवाना विक्रीच्या वेळी तुमच्या मागे लागतो, आणि अनामतही तोवर परत मिळत नाही. आमच्या फोटोंचा एक संच आमच्याकडे आहे, एक व्यवस्थापकाकडे. तिसरा, झडपेवर लाल शाईने गोल केलेला, आजींच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे, कारण दिवसा आम्ही दोघेही कामावर असतो आणि पाणी गळलं तर आधी त्यांना कळणार आहे.